झाकली मूठ उघडताना : आरोग्य प्रकल्प आणि स्वमूल्यांकन

ऑक्टोबर १९१९. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात ‘अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स’ या शल्यचिकित्सकांच्या संघटनेची बैठक भरली होती. संघटनेने शंभर किंवा त्याहून अधिक खाटा असलेल्या ६९२ रुग्णालयांची पाहणी करून घेतली होती. कसोटी काही फार कडक नव्हती, एका पानात मावेल एवढीच होती. प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवलेली असावी, डॉक्टर पात्र असावेत, प्रयोगशाळा आणि क्ष-किरणाची सोय असावी, डॉक्टरांनी ठरावीक काळाने एकत्र बसून आपल्या कामाचा आढावा घ्यावा, एवढ्याच तिच्या अपेक्षा. या कसोटीला ६९२ पैकी फक्त ८९ रुग्णालये उतरली आणि न उतरलेल्यांत काही अतिशय नामांकित रुग्णालये होती. यादी वर्तमानपत्रांच्या हाती लागली तर काय होईल, या धास्तीने पदाधिकाऱ्यांनी ती त्याच हॉटेलच्या भट्टीत जाळून टाकली. आकडे जाहीर झाले, नावे झाली नाहीत.

झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण आपल्याकडची; पण तिचा अंमल सगळ्या जगात चालतो. बाहेरच्या माणसाने येऊन तपासले की संस्था आधी मूठ आवळते. मग संस्थेने स्वतःलाच तपासले तर? गेल्या तीन-चार दशकांत आफ्रिका आणि आशियातील आरोग्य प्रकल्पांमध्ये हा प्रयोग अनेकदा झाला. त्याला ‘स्वमूल्यांकन’ म्हणतात. तो कुठे फळाला आला, कुठे नुसता कागद झाला आणि या दोहोंत फरक कशाने पडला, हे या लेखात पाहायचे आहे.

एकट्याचा प्रामाणिकपणा

ज्या समितीच्या कामातून वरील पाहणी निघाली, तिचे अध्यक्षपद पूर्वी अर्नेस्ट कॉडमन या बॉस्टनच्या शल्यचिकित्सकाकडे होते. शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक रुग्णाची वर्षभराने पुन्हा गाठ घ्यावी, तो बरा झाला की नाही ते लिहावे, झाला नसेल तर का नाही तेही लिहावे, एवढेच कॉडमनचे म्हणणे होते. त्याने १९११ मध्ये स्वतःचे छोटे रुग्णालय काढले. १९११ ते १९१६ या काळात तिथून घरी गेलेल्या ३३७ रुग्णांच्या उपचारांत आपल्याकडून १२३ चुका झाल्या, असे त्याने स्वतःच छापून जाहीर केले. शहरातल्या डॉक्टरांच्या नफेखोरीवर बोट ठेवणारे एक व्यंगचित्र त्याने १९१५ मध्ये भर सभेत दाखवले आणि स्थानिक वैद्यकीय संस्थेतील पद त्याला सोडावे लागले. १९४० मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या थडग्यावर नावाची शिळाही नव्हती. ती २०१४ मध्ये बसवली गेली.

कॉडमनचे आत्मपरीक्षण खरे होते, यात शंका नाही. पण ते एका माणसाचे होते. त्याच्या शहरातली इतर रुग्णालये त्यामुळे बदलली नाहीत. संस्था बदलायची असेल तर आत्मपरीक्षणही संस्थेचे व्हावे लागते. म्हणजे त्यात डॉक्टर हवेत, परिचारिका हव्यात, औषधे देणारा हवा, फरशी पुसणारी बाई हवी आणि फाटकावरचा पहारेकरीही हवा.

पहारेकऱ्याला विचारलेला प्रश्न

नेमके हेच करणारी एक पद्धत १९८०च्या दशकाच्या अखेरीस केनिया आणि नायजेरियातील कुटुंबनियोजन केंद्रांत आकाराला आली. तिचे नाव ‘कोप’. ‘रुग्णाला केंद्रस्थानी ठेवणारी आणि कर्मचाऱ्याचे श्रम सार्थकी लावणारी सेवा’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे. न्यूयॉर्कच्या ‘एव्हीएससी इंटरनॅशनल’ या संस्थेने ती घडवली. पुढे २००१ मध्ये या संस्थेचे नाव ‘एन्जेंडरहेल्थ’ झाले.

त्या काळी, आणि आजही बऱ्याच ठिकाणी, केंद्रावर देखरेख ठेवण्याची रीत आपल्या चांगल्या परिचयाची आहे. वरचा अधिकारी गाडीतून येतो, रजिस्टरे चाळतो, दोन-चार शेरे मारतो, चहा घेतो आणि जातो. त्याच्या येण्याआधी दोन दिवस भिंती पुसल्या जातात. तो गेल्यावर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. ‘कोप’ने हा क्रम उलटा केला. बाहेरून येणारा माणूस फक्त पद्धत समजावून सांगे. तपासणारे आणि तपासले जाणारे, दोन्ही केंद्रातलेच.

पद्धतीची साधने चार. पहिले साधन म्हणजे प्रश्नावली. रुग्णाचे सात हक्क आणि कर्मचाऱ्यांच्या तीन गरजा अशी तिची मांडणी आहे. माहिती, सेवेपर्यंत पोहोच, स्वतः निवड करण्याची मोकळीक, सुरक्षितता, खासगीपणा व गुप्तता, सन्मान व आराम, उपचारांतील सातत्य हे हक्क. आणि मदत करणारी देखरेख, प्रशिक्षण व माहिती, साधनसामग्री व इमारत या गरजा. कर्मचारी छोटे गट करून एकेक विभाग घेतात आणि चर्चा करतात. नव्या माणसाला कोणत्या खोलीत जायचे ते फाटकावरचा पहारेकरी सांगू शकतो का? तपासणीच्या वेळी दार उघडले तर बाहेरच्या बाकावरून आतले दिसते का? असा या प्रश्नांचा रोख असतो. उत्तर ‘हो’ असेल तर पुढे जायचे, ‘नाही’ असेल तर थांबायचे.

दुसरे साधन म्हणजे रुग्णांशी बोलणे. केंद्रातले कर्मचारीच सेवा घेऊन निघालेल्या काही रुग्णांना थांबवून विचारतात, काय आवडले, काय खटकले. तिसरे साधन मला सर्वांत बोलके वाटते. आल्याबरोबर रुग्णाच्या हाती एक चिठ्ठी दिली जाते. ज्या ज्या कर्मचाऱ्याकडे तो जातो, तो तो चिठ्ठीवर आत घेतल्याची आणि सोडल्याची वेळ लिहितो. दिवसाअखेर चिठ्ठ्या गोळा करून बेरीज केली की रुग्ण केंद्रात किती वेळ होता आणि त्यातली किती मिनिटे प्रत्यक्ष कोणी त्याच्याशी बोलले, हे समोर येते. सकाळी सगळी गर्दी आणि दुपारी सगळे रिकामे, हे चित्र अशा तक्त्यांतून वारंवार दिसते. आपण दिवसभर राबतो असे मनापासून मानणाऱ्या माणसाला हा तक्ता काही सुनावत नाही, पण त्याच्याच हस्ताक्षरातल्या वेळा असल्याने तो नाकारताही येत नाही.

चौथे साधन कृती-आराखडा. एका मोठ्या कागदावर रकाने पाडायचे : अडचण, तिचे मूळ कारण, उपाय, कोण करणार, कधीपर्यंत. ‘मूळ कारण’ या रकान्यासाठी ‘का’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा. रुग्ण ताटकळतात. का? नोंदणी उशिरा सुरू होते. का? किल्ली एकाच माणसाकडे असते. का? दुसरी करून घेतली नाही. इथे पोहोचल्यावर उपाय काही रुपयांत होतो आणि त्याला वरून मंजुरी लागत नाही. हा कागद भिंतीवर लावायचा आणि दर काही महिन्यांनी पुन्हा त्याच्यासमोर बसायचे.

गिनी आणि केनियात बालआरोग्य सेवांसाठी ही पद्धत वापरली गेली. ती वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या केंद्रांची तुलना २००५ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा वापरणाऱ्या केंद्रांची सेवा उजवी ठरली. पण खरी शिकवण त्या तीन ‘गरजां’मध्ये आहे. ज्या केंद्रात नळाला पाणी नाही, तिथल्या परिचारिकेला ‘तुम्ही हात धुता का’ असे विचारणे हा स्वमूल्यांकनाच्या नावाखाली केलेला अन्याय आहे. कर्मचाऱ्याला काय हवे, हेही त्याच कागदावर लिहिण्याची सोय ‘कोप’ने ठेवली. त्यामुळे दोष कुठे खाली आहे आणि कुठे वर आहे, हे वेगळे काढता आले.

तेल कंपनीची नदी, एड्सचा प्रश्न

दुसरे उदाहरण अगदी अनपेक्षित ठिकाणाहून आले. ‘बीपी’ या ब्रिटिश तेल कंपनीचे कारखाने जगभर पसरलेले. एकाला यंत्रांची देखभाल उत्तम जमे, दुसऱ्याला ऊर्जेची बचत. पण एकाचे शहाणपण दुसऱ्यापर्यंत पोहोचत नसे. म्हणून कंपनीने कामाच्या पद्धतींची एक यादी केली आणि प्रत्येक कारखान्याने प्रत्येक पद्धतीत स्वतःला १ ते ५ यांपैकी एक पायरी द्यावी, असे ठरवले. मग सर्वांत वरचे आकडे जोडणारी एक रेघ आणि सर्वांत खालचे आकडे जोडणारी दुसरी रेघ काढली. दोन रेघांमधली जागा नदीसारखी दिसे. खालच्या काठावरचा कारखाना वरच्या काठावर कोण आहे ते पाही आणि त्याला फोन करी.

या कामात असलेले जेफ पार्सेल पुढे संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक कार्यक्रमात, म्हणजे ‘यूएनएड्स’मध्ये, आले. तिथे बेल्जियमचे डॉक्टर ज्याँ-लुई लांबोरे हे थायलंडच्या अनुभवावरून एक वेगळी मांडणी करत होते : एड्सला उत्तर गावे आणि वस्त्या देतात, तज्ज्ञ फार तर साथ देतात. दोघांच्या विचारांतून ‘एड्स-सक्षमते’चे स्वमूल्यांकन तयार झाले. त्यात दहा बाबी आहेत. एचआयव्हीचा प्रश्न आपल्याकडे आहे हे आम्ही मान्य करतो का, बाधित माणसांना निर्णयात सामील करून घेतो का, काळजी आणि प्रतिबंध यांची सांगड घालतो का, इत्यादी. पायऱ्या पाच. पहिली पायरी म्हणजे नुसती जाणीव. पाचवी म्हणजे ती गोष्ट अंगवळणी पडली आहे. लांबोरे आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ‘कॉन्स्टेलेशन’ नावाची संस्था स्थापून हे काम पुढे नेले.

इथे आकड्याला स्वतःची अशी किंमत नाही, हे समजून घ्यायला हवे. गावातल्या बायका म्हणतात आपण दुसऱ्या पायरीवर, पुरुष म्हणतात चौथ्या. सरासरी काढून तीन लिहिले की सगळे संपले. त्याऐवजी ‘तुम्हाला चार का वाटते, एखादा प्रसंग सांगा’ असे विचारले, की एरवी गप्प बसणारी माणसे बोलू लागतात. शेवटी गट ठरवतो की पुढच्या वर्षी कोणत्या दोन-तीन बाबींत एक पायरी चढायची. ज्यांना एखादी बाब जमली आहे ते ती इतरांना सांगायला तयार होतात, ज्यांना जमलेली नाही ते मागून घेतात. कोणाचा पहिला नंबर लागत नाही, कोणाला बक्षीस नाही आणि कोणाचे अनुदानही कापले जात नाही.

आकडा जिनिव्हाला गेला तेव्हा

आकड्यावर मान-अपमान अवलंबून असला की काय होते, याचे मोठे उदाहरण आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीचे आहे. २००३ च्या सार्स साथीने जगाला हादरा दिल्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांनी २००५ मध्ये ही नियमावली नव्याने स्वीकारली. १५ जून २००७ पासून ती लागू झाली. साथ ओळखणे, प्रयोगशाळेत तपासणे, चोवीस तासांत कळवणे, बंदरे-विमानतळांवर व्यवस्था ठेवणे अशा मूलभूत क्षमता प्रत्येक देशाने २०१२ पर्यंत उभारायच्या होत्या. त्या उभारल्या की नाही, हे देशाने स्वतःच एक प्रश्नावली भरून जिनिव्हाला कळवायचे होते.

म्हणजे हेही स्वमूल्यांकनच. पण ते कोण भरत होते? बहुतेक ठिकाणी राजधानीतल्या मंत्रालयातले दोन-चार अधिकारी. प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ, सीमेवरचा आरोग्य कर्मचारी, पशुवैद्यक हे एकत्र बसले पाहिजेत, अशी सक्ती नव्हती. उत्तर बरोबर आहे का, हे कोणी विचारत नव्हते. २०१२ ची मुदत दोनदा वाढवावी लागली. २०१४ च्या अखेरीस क्षमता पूर्ण झाल्याचे कळवणारे देश ६४, म्हणजे सुमारे एक तृतीयांशच होते. आणि त्यांचेही म्हणणे कोणी पडताळलेले नव्हते.

त्याच वर्षी गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तीन देशांत इबोला पसरला. साथ आटोक्यात येईपर्यंत २८,६०० हून अधिक लोकांना लागण झाली आणि ११,३०० हून अधिक माणसे दगावली. गिनीच्या जंगलपट्टीत डिसेंबर २०१३ मध्ये सुरू झालेला आजार इबोला आहे, हे निश्चित व्हायला मार्च २०१४ उजाडला. जी क्षमता कागदावर मोजली जात होती, तिची गरज जिथे पडली तिथे ती नव्हती.

यानंतर नियमावलीच्या पुनरावलोकन समितीने स्पष्टच सांगितले की निव्वळ स्वमूल्यांकन पुरेसे नाही. त्याला बरोबरीच्या देशांचा आढावा आणि स्वेच्छेने करून घेतलेले बाहेरचे मूल्यांकन यांची जोड हवी. त्यातून ‘संयुक्त बाह्य मूल्यांकन’ जन्माला आले. फेब्रुवारी २०१६ मध्ये टांझानियात त्याची सुरुवात झाली. त्याची रीत पाहण्यासारखी आहे. आधी देशातली सर्व संबंधित खाती एकत्र बसून १९ क्षेत्रांत स्वतःला १ ते ५ गुण देतात. मग इतर देशांतले तज्ज्ञ येतात आणि आठवडाभर समोरासमोर बसून प्रत्येक गुणामागचा पुरावा विचारतात. अखेरचा गुण दोघांच्या संमतीने ठरतो. एक म्हणजे लाल, दोन-तीन पिवळा, चार-पाच हिरवा. अहवाल जाहीर होतो आणि त्यावरून देशाने आपला कृती-आराखडा करायचा असतो.

तरी गुणांवर फार विसंबू नये, याची आठवण लवकरच मिळाली. ऑक्टोबर २०१९ मध्ये अभ्यासकांच्या एका स्वतंत्र गटाने १९५ देशांची साथ-सज्जतेनुसार क्रमवारी प्रसिद्ध केली. त्यात अमेरिका पहिली आणि ब्रिटन दुसरा होता. पुढच्या काही महिन्यांत करोनाने या दोन्ही देशांत काय केले ते आपण पाहिले. स्वतः दिलेला गुण फुगतो. बाहेरच्याने दिलेला गुण जे मोजता येते तेवढेच पाहतो. नेतृत्वाचा शहाणपणा आणि लोकांचा विश्वास यांना रकाना नव्हता किंवा होता तो पुरेसा नव्हता.

दुसरा आरसा

मग स्वमूल्यांकनाला जोड कोणाची द्यावी? तज्ज्ञांची देता येते, तशी सेवा घेणाऱ्यांचीही देता येते. मलावीत ‘केअर’ या संस्थेने २००२ मध्ये ‘सामुदायिक गुणपत्रिका’ सुरू केली. गावातल्या बायका, पुरुष, तरुण वेगवेगळे बसून आरोग्य केंद्राला गुण देतात. केंद्रातले कर्मचारी त्याच मुद्द्यांवर स्वतःला गुण देतात. नंतर दोन्ही बाजू एका ठिकाणी येतात आणि दोन गुणपत्रिका शेजारी-शेजारी ठेवल्या जातात. ‘तुम्ही वागणुकीला आठ दिलेत, आम्ही तीन’ इथून बोलणे सुरू होते आणि कोण काय करणार, यावर संपते. न्चेऊ जिल्ह्यात शास्त्रशुद्ध तुलना करून पाहिली तेव्हा गरोदर स्त्रियांकडे आरोग्य कर्मचाऱ्यांच्या गृहभेटी वाढल्याचे आणि सेवेबद्दल समाधान वाढल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

मात्र हा उपायही रामबाण नाही. युगांडातील ५० आरोग्य केंद्रांच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गावकरी आणि कर्मचारी यांना माहितीपत्रक देऊन एकत्र बसवल्याने पाच वर्षांखालील मुलांचे मृत्यू एक तृतीयांशाने घटल्याचे दिसले होते. जगभर त्याची चर्चा झाली. पुढे त्याच देशात ३७६ केंद्रांवर तसाच मोठा प्रयोग झाला, तेव्हा उपचारांचा दर्जा आणि लोकांचे समाधान थोडे सुधारले. बालमृत्यूंवर परिणाम दिसला नाही. बैठकीने वागणूक सुधारते, रांग सुधारते, गैरहजेरीला लगाम बसतो. औषध आणि डॉक्टर मात्र बैठकीतून निर्माण होत नाहीत.

महाराष्ट्राला यातले बरेच ओळखीचे वाटेल. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली २००७ पासून पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) या जिल्ह्यांत ‘लोकाधारित देखरेख’ सुरू झाली. पुण्याची ‘साथी’ ही संस्था तिची समन्वयक होती. गावकऱ्यांनी उपकेंद्राचे, प्राथमिक आरोग्य केंद्राचे प्रगतिपत्रक भरायचे. त्यातही रंग तेच : लाल, पिवळा, हिरवा. मग जनसुनवाईत ते पत्रक अधिकाऱ्यांसमोर वाचायचे. दुसरीकडे, केंद्र सरकारने मे २०१५ मध्ये ‘कायाकल्प’ योजना आणली. तिच्यात रुग्णालय आधी स्वतःचे मूल्यांकन करते, मग दुसऱ्या रुग्णालयाचे लोक येऊन करतात, शेवटी बाहेरचे पथक. सत्तर टक्क्यांची रेघ आहे आणि रोख बक्षीस आहे. बक्षिसाने हुरूप येतो, स्वच्छता दिसू लागते, हे खरे. पण पहिल्या पायरीवरचा प्रामाणिकपणा टिकवायचा तर बक्षिसाचा संबंध आजच्या गुणांपेक्षा मागच्या वेळेपासून झालेल्या सुधारणेशी जोडणे बरे, असे वरच्या सर्व अनुभवांवरून वाटते.

आराखड्यातला रिकामा रकाना

परदेशी पैशावर चालणाऱ्या प्रकल्पांत एक पेच कायमचा आहे. कमी गुण दाखवले तर ‘गरज आहे’ म्हणून मदत मिळू शकते. जास्त गुण दाखवले तर ‘यश आले’ म्हणून मुदतवाढ मिळू शकते. वर्षाच्या सुरुवातीला लाल आणि अखेरीला हिरवा, असा सोयीचा प्रवास मग आपोआप घडतो. यात कोणी एक माणूस लबाड असतो असे नाही. ज्या कागदावर स्वतःची पडती बाजू लिहायची, त्याच कागदावर पुढचे अनुदान ठरत असेल तर दुसरे काय होणार?

म्हणून शिकण्यासाठीचा कागद आणि हिशेब देण्यासाठीचा कागद हे दोन वेगळे ठेवले पाहिजेत. पहिला केंद्राच्या भिंतीवर राहावा, दुसरा वर जावा. पहिल्यात चूक लिहिणाऱ्याला अभय असावे. दुसऱ्यात पुरावा मागितला जावा आणि तो मागणारा बाहेरचा असावा. ‘कोप’ची भिंत आणि जिनिव्हाची प्रश्नावली यांत फरक पडला तो इथेच.

आणि एक गोष्ट या सर्व पद्धतींत अजून अपुरी आहे. स्वमूल्यांकन करायला सांगितले जाते ते बहुधा उपकेंद्राला, परिचारिकेला, गावाला. औषधांची खरेदी लांबवणारे कार्यालय, रिक्त पदे न भरणारे मंत्रालय, तीन वर्षांत निकाल मागून चौथ्या वर्षी देश सोडणारी देणगीदार संस्था यांची प्रश्नावली फारशी कुठे दिसत नाही. केंद्राच्या आराखड्यात ‘कोण करणार’ या रकान्यात परिचारिका ‘जिल्हा कार्यालय’ असे लिहिते, त्या ओळीला उत्तर कोण देतो? वरच्या प्रत्येक पायरीवरच्या कार्यालयाने, खालून आलेल्या अशा किती ओळी या वर्षी पुऱ्या केल्या, एवढे जरी दर सहा महिन्यांनी स्वतःच्या भिंतीवर लिहिले, तरी तळाच्या माणसाला आपल्या त्रुटी लिहून देण्याची भीती वाटेनाशी होईल.